कातडीचं विरजण

"मॅडम, लॅबमधी कातडी वाढवतेत म्हणे की. मग आमच्या पोराच्या चांगल्या मांडीची कशाला काढली?"

आमच्या गल्लीतल्या अक्कांनी मला हा प्रश्न दारातच विचारला. त्यांचा भाचा अक्कलकोट रोडला एका रंगाईच्या कारखान्यात कामाला आहे. टॉवेलच्या सुताच्या लडी उकळत्या रंगातून वर काढताना पाणी उसळलं आणि त्याच्या उजव्या पायावर आलं. नडगीवरची जखम खोल होती, ती आपोआप भरेना. डॉक्टरांनी डाव्या मांडीवरची पातळ कातडी काढून तिथं लावली. पोरगं घरी आलं ते दोन्ही पायांना पट्ट्या बांधून. त्यातच अक्कांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एका काचेच्या ताटलीत माणसाची कातडी तयार होत होती. जी गोष्ट ताटलीत होते ती पोराच्या अंगावरून का ओरबाडायची, असं त्यांना वाटलं आणि ते वाटणं अगदी रास्त होतं.

मी इथं सोलापुरात कॉलेजात जैवतंत्रज्ञान शिकवते. त्याआधी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षं पेशी वाढवायचंच काम केलं. अक्कांना पाच मिनिटांत काहीतरी सांगितलं, पण समाधान झालं नाही, त्यांचंही आणि माझंही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पुस्तकात त्वचा, दवाखान्यात स्किन आणि घरात कातडी. मी घरातलाच शब्द वापरते.

आधी कातडी म्हणजे काय ते

कातडीचे मुख्य थर दोन. वरचा थर म्हणजे नुसता पापुद्रा. बहुतेक ठिकाणी त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे वहीच्या कागदाइतकी. त्यात एकही रक्तवाहिनी नसते. खरचटलं पण रक्त आलं नाही, तर समजायचं की जखम या पापुद्र्यातच थांबली. यातल्या दहापैकी नऊ पेशी एकाच जातीच्या असतात. त्यांना केराटिनोसाइट म्हणतात. सर्वांत खालच्या रांगेतल्या पेशी विभागत राहतात. नव्या पेशी वर सरकतात, चपट्या होतात, केराटिन नावाच्या टणक प्रथिनानं भरतात, मरतात आणि महिना-सव्वा महिन्यात गळून पडतात. अंघोळीनंतर आपल्या खरबरीत टॉवेलनं अंग पुसताना जो मळ निघतो, त्यात बराच भाग या मेलेल्या पेशींचा असतो.

खालचा थर जाड, बहुतेक अंगावर एक ते दोन मिलिमीटर. कातडीचं बळ इथं आहे. हा थर कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचा असतो. सोलापूरकराला इथं माग आठवणारच, पण ही उपमा अर्धीच लागू पडते. मागावर ताणा उभा आणि बाणा आडवा असतो, कोलॅजनचे धागे मात्र सगळ्या दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून चादर आडवी-उभी जशी ओढाल तशी वेगळी ताणते आणि कातडी चहूबाजूंनी ताण झेलते. हे धागे बनवणाऱ्या पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात. रक्तवाहिन्या, नसा, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं याच थरात असतात.

आता पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली. केसांची मुळं आणि घामाच्या नळ्या खालच्या थरात खोल उतरलेल्या असतात, पण त्यांना आतून अस्तर असतं ते वरच्या पापुद्र्यातल्या पेशींचंच. जमिनीवरचं पीक जळालं तरी खाली रुजलेलं बी उरावं, तसं हे. वरचा पापुद्रा पूर्ण गेला आणि खालचा थर थोडाफार वाचला, तर केसांच्या मुळांशी उरलेल्या पेशी वर येतात, पसरतात आणि जखम झाकतात. दोन्ही थर मुळासकट गेले, तर मध्ये बीच उरत नाही. मग जखम फक्त कडेनं आत भरत येते. मोठी जखम अशी भरायला महिनोन्‌महिने लागतात, आणि भरताना ती आक्रसून गुडघा, कोपर, मान वाकडी करते.

म्हणूनच भाजल्यावरची पहिली काही मिनिटं फार मोलाची असतात. उष्णता वरून खाली मुरत जाते. साधं, वाहतं, नळाचं पाणी वीस मिनिटं सोडलं तर ती खोलवर मुरायची थांबते आणि ती मुळाशी असलेली बियाणं-पेशी वाचू शकते. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यांतलं काहीही लावायचं नाही. विषय प्रयोगशाळेचा आहे, पण हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे भारतात दरवर्षी १० लाखांहून जास्त माणसं मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात.

मांडीचीच का

शल्यविशारद मांडीवरून कातडी काढतात ती पूर्ण जाडीची नसते. डर्मॅटोम नावाच्या यंत्रानं मिलिमीटरच्या काही दशांश जाडीचं साल काढतात. त्यात अख्खा पापुद्रा आणि खालच्या थराचा थोडासा भाग येतो. मांडीवर केसांची मुळं तशीच राहतात, त्यामुळे ती जागा साधारण दोन आठवड्यांत स्वतःच भरते. लावलेलं साल पहिले दोन दिवस जखमेतल्या द्रवावर जगतं. मग खालच्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात आणि ते अंगाचं होऊन जातं.

अक्कांच्या भाच्यासाठी हाच सर्वांत चांगला इलाज होता. मांडीच्या सालाबरोबर कोलॅजनचा थोडा थरही येतो, आणि तो ताटलीतल्या कातडीला नसतो. तो नसल्यानं काय होतं ते पुढं येईलच.

खरी अडचण येते ती माणूस फार भाजलेला असेल तेव्हा. रुग्णाचा बोटांसकट हाताचा तळवा म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का, असा ढोबळ हिशोब बर्न वॉर्डात चालतो. दहा टक्के भाजलं असेल तर मांडी पुरते. ८० टक्के भाजलेल्या माणसाची चांगली कातडी आणायची कुठून? काढलेल्या सालाला यंत्रानं बारीक छेद देऊन जाळीसारखं ताणतात, म्हणजे ते तिप्पट किंवा त्याहून जास्त जागा झाकतं. त्याच जागेवरून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा साल काढतात. तरीही एक वेळ अशी येते की देणारी जागा संपते आणि उघडी जखम तशीच असते. उघड्या जखमेतून अंगातलं पाणी सतत जातं आणि जंतू आत येतात. अशा वेळी एकेक दिवस जड जातो.

मग दुसऱ्या कुणाची लावावी? आई आपली कातडी द्यायला एका पायावर तयार असते. पण शरीर ती ठेवून घेत नाही. दुसऱ्या महायुद्धात पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञानं ग्लासगोच्या रुग्णालयात भाजलेल्या एका बाईंवर, तिच्या भावाची कातडी लावून, हे बारकाईनं पाहिलं. पहिली खेप काही दिवस टिकली आणि मग गेली. दुसऱ्यांदा त्याच भावाची लावली तर ती पहिलीपेक्षा लवकर गेली. म्हणजे शरीरानं परकी कातडी ओळखली होती आणि लक्षातही ठेवली होती. १९४३ सालच्या या निरीक्षणातून अवयव-प्रत्यारोपणाचं सगळं शास्त्र उभं राहिलं आणि मेडावर यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळालं. जुळी भावंडं अगदी एकसारखी असतील तरच एकाची कातडी दुसऱ्याला चालते. बाकी सगळ्यांना कायमची चालते ती फक्त स्वतःची.

स्वतःची हवी आणि स्वतःची तर उरलेली नाही. हा पेच सोडवायचा एकच रस्ता होता, जी चिमूटभर उरली आहे ती वाढवायची.

विरजण लावायचं कसं

दह्याचं विरजण आणि ताटलीतल्या पेशी, दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द आहे, कल्चर. मराठी पुस्तकांत पेशी-संवर्धन म्हणतात. अक्कांना मी विरजणच म्हटलं आणि त्यांना ते लगेच समजलं. भांडं स्वच्छ हवं, ऊब नेमकी हवी, आणि सारखं हलवायचं नाही. फरक एवढाच की विरजण लावलं की दुधाचं दही होतं. इथं भोवतालच्या द्रवाचं काहीच होत नाही, तो नुसता खाऊ असतो. वाढतं ते विरजणच, आणि वाढून भांडं भरतं.

काखेतून किंवा जांघेतून, जिथं कातडी शाबूत असेल तिथून, दोन-तीन चौरस सेंटिमीटरचा तुकडा घेतात. टपाल तिकिटापेक्षाही लहान. तो विकरांमध्ये, म्हणजे पेशींना जोडणारी प्रथिनं तोडणाऱ्या रसायनांमध्ये, ठेवतात. डिस्पेस नावाच्या विकरानं वरचा पापुद्रा खालच्या थरापासून साय निघावी तसा अलगद सुटतो. ट्रिप्सिन नावाचं दुसरं विकर, जे आपल्या आतड्यांतही प्रथिनं पचवतं, ते त्या पापुद्र्याच्या सुट्या पेशी करतं. त्या मोजायच्या आणि प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत पसरायच्या.

बाटलीत जो खाऊ घालतात त्याला मीडियम म्हणतात. साखर, क्षार, जीवनसत्त्वं, अमिनो आम्लं, वासराच्या रक्तातला द्रव भाग, इन्सुलिन. त्यात एक रंग मिसळलेला असतो. मीडियम ताजं असतं तेव्हा तो गुलाबी दिसतो आणि पेशींनी खाऊन आम्ल सोडलं की पिवळा पडतो. माझी तेव्हाची सकाळ हा रंग बघण्यानं सुरू व्हायची. पेटीत ३७ अंश तापमान असतं, म्हणजे अंगाचंच, आणि हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दर दोन-तीन दिवसांनी जुना खाऊ काढून नवा घालायचा. रविवार नाही, सण नाही. संक्रांतीला घरी गड्ड्याची यात्रा भरलेली असायची आणि मी पुण्यात बाटल्यांजवळ.

एकदा सुट्टीच्या दिवसांत पेटीच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशी धरली. सोमवारी दार उघडलं तर तीन आठवडे जपलेल्या बाटल्यांमध्ये कापसासारखे पुंजके तरंगत होते. एकही वाचवता आली नाही. माझ्या त्या बाटल्या प्रयोगाच्या होत्या. त्या दिवशी मनात सारखं येत होतं की ही एखाद्या भाजलेल्या माणसाची कातडी असती तर? म्हणून रुग्णासाठी पेशी वाढवणाऱ्या जागेचे नियम ऑपरेशन थिएटरपेक्षा कमी कडक नसतात. हवा गाळलेली, अंगभर झगा, एका वेळी एकाच रुग्णाचं काम. अशी कातडी महाग का, याचं मोठं उत्तर या नियमांमध्ये आहे.

उंदराच्या पेशी आणि पटकीचं विष

हे सगळं ऐकायला सोपं वाटतं, पण कित्येक वर्षं ते जमत नव्हतं. माणसाच्या कातडीच्या पेशी बाटलीत घातल्या की केराटिनोसाइट रुसून बसायच्या, आणि सोबत चुकून आलेले फायब्रोब्लास्ट ज्वारीत हरळी माजावी तसे सगळी बाटली व्यापायचे.

कोंडी फुटली १९७५ साली, अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. हॉवर्ड ग्रीन हे प्राध्यापक आणि जेम्स राइनवाल्ड हा त्यांचा विद्यार्थी. ते कातडीवर काम करतच नव्हते. उंदराच्या एका गाठीतल्या पेशी वाढवताना त्यांना दिसलं की मध्येच कातडीसारख्या पेशींच्या वसाहती उगवतात, पण आजूबाजूला फायब्रोब्लास्ट असतील तरच. ज्यांना तण समजून सगळे काढून टाकत होते, त्यांच्याच सोबतीची केराटिनोसाइटना गरज होती. फक्त ते तण माजता कामा नये.

ग्रीन यांच्याकडे उंदराच्या फायब्रोब्लास्टचा एक वाण आधीपासून होता, ३टी३ नावाचा. जॉर्ज टोडारो यांच्यासोबत त्यांनीच तो १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केला होता. त्या पेशींवर किरणांचा मारा केला की त्या विभागायच्या थांबतात, पण काही दिवस जिवंत राहतात आणि वाढीला लागणारी द्रव्यं सोडत राहतात. मी वर्गात त्यांना दाई पेशी म्हणते. बाटलीच्या तळाशी या दाया अंथरल्या आणि वर माणसाच्या केराटिनोसाइट टाकल्या. एकेका पेशीपासून वसाहत वाढू लागली. वसाहती पसरत एकमेकींना भिडल्या, दायांना बाजूला सारलं, आणि सलग पापुद्रा तयार झाला.

पुढच्या दोन-तीन वर्षांत खाऊ सुधारला. पेशींना विभागायला सांगणारं एक प्रथिन घातलं आणि कॉलराचं विषही घातलं. हो, पटकीचंच. पंढरपूरच्या वारीत एके काळी ज्या पटकीनं माणसं पटापट मरत, ते जंतू आतड्यात एक विष सोडतात. हे विष असतं हे १९५९ साली कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी सिद्ध केलं. तेच विष अगदी नाममात्र प्रमाणात केराटिनोसाइटना दिलं की त्यांच्या आतला एक संदेश चालू राहतो आणि त्या जोमानं वाढतात. एका भारतीय डॉक्टरानं हातांनी पकडून दाखवलेलं विष जळालेल्या माणसाची कातडी वाढवायला कामी आलं, हे शिकवताना मला दर वेळी भरून येतं.

अक्कांनी इथं मला थांबवलं. "उंदराच्या पेशी मंग आपल्या अंगात राहतेत का?" फार चांगला प्रश्न. त्या पेशी विभागू शकत नाहीत, काही दिवसांत मरतात आणि वाढत्या पापुद्र्याखालून ढकलल्या जातात. तरीही काळजी घेतली जातेच. एपिसेल नावाच्या अशा कातडीला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००७ साली जी खास परवानगी दिली, ती प्राण्यांच्या पेशींशी संपर्क आलेलं रोपण म्हणूनच दिली, आणि तीही ३० टक्के किंवा त्याहून जास्त अंग खोलवर भाजलेल्यांसाठी. हा आकडा मी अक्कांना दोनदा सांगितला. त्यांच्या भाच्याची खोल जखम त्याच्या जवळपासही नव्हती.

तीन आठवडे

एकाच्या दोन, दोनाच्या चार. १३ वेळा दुप्पट केलं की एका पेशीच्या ८,१९२ होतात आणि चौदाव्यांदा १६,३८४. म्हणजे तिकिटाहून लहान तुकड्यापासून अंगभर पुरेल इतका पापुद्रा कागदावरच्या हिशोबात अगदी शक्य आहे, आणि प्रत्यक्षातही आहे. त्याला लागतात तीन ते चार आठवडे. मोठ्या माणसाच्या अंगाचं क्षेत्रफळ साधारण १७,००० चौरस सेंटिमीटर. त्यातलं निम्मं झाकायचं आणि एकेक पापुद्रा ५० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर १७० पापुद्रे. ते सगळे एकाच वेळी तयार व्हायला हवेत आणि प्रत्येकाला वेळेवर खाऊ मिळायला हवा.

तयार पापुद्रा बाटलीच्या तळापासून पुन्हा डिस्पेसनंच सोडवतात. सुटला की तो आक्रसतो. जाडी किती, तर दोन ते आठ पेशींची. दुधावरची साय त्यामानानं दणकट. त्याला व्हॅसलीनच्या जाळीवर घेऊन जखमेवर पसरतात आणि आठवडाभर धक्का लागू देत नाहीत.

१९८१ साली बोस्टनमध्ये भाजलेल्या दोन मोठ्या माणसांवर तो पहिल्यांदा लावल्याचं प्रसिद्ध झालं. पण जगाला हे कळलं ते १९८३ साली. अमेरिकेतली पाच आणि सहा वर्षांची दोन भावंडं ९५ टक्क्यांहून जास्त भाजली होती. त्या काळी अशा मुलांच्या जगण्याची आशा कुणी धरत नसे. काखेतल्या दोन-दोन चौरस सेंटिमीटर कातडीपासून ग्रीन यांच्या प्रयोगशाळेनं पापुद्रे वाढवले, आणि त्यांनी दोघांचं साधारण निम्मं अंग झाकलं. दोघंही वाचली.

हे वाचून वाटतं की प्रश्न सुटला. तसं झालं नाही. कारण तीन आठवडे पेशींना लागतात, आणि रुग्णाला त्या तीन आठवड्यांत जगायचं असतं. शिवाय पापुद्र्याखाली कोलॅजनचा थर नसतो. आपल्या कातडीत पापुद्रा खालच्या थरात खुंट्या रोवल्यासारखा बसलेला असतो. नव्या पापुद्र्याला या खुंट्या पक्क्या व्हायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. तोवर तो जरा घासला तरी फोड येतो, सोलून निघतो. जखमेत जंतू असतील तर पापुद्रा धरतच नाही.

यावर एक फार सुंदर तोड चार्ल्स कुओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवली. रुग्ण आला की पहिल्याच दिवसांत त्याच्या जखमेवर मृत्यूनंतर दान केलेली कातडी लावायची. ती तात्पुरतं झाकण होते, पाणी आणि जंतू अडवते. तीन आठवड्यांत शरीर तिला नाकारू लागतं, पण त्याचा मुख्य राग असतो तो वरच्या पापुद्र्यातल्या जिवंत पेशींवर. तो पापुद्रा काढून टाकायचा, खालचं परक्या माणसाचं कोलॅजन तसंच ठेवायचं आणि त्यावर रुग्णाचा स्वतःचा वाढवलेला पापुद्रा अंथरायचा. खालचं अस्तर दात्याचं, वरचं अंग आपलं. कालांतरानं अस्तरही आपल्या पेशी नव्यानं विणून घेतात.

म्हणजे प्रयोगशाळा आली म्हणून त्वचादानाची गरज संपली असं मुळीच नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत कळकळीनं सांगायचं असेल तर हेच. आपल्याकडे नेत्रदान घराघरांत माहीत आहे, त्वचादानाचं नाव काढलं की लोक दचकतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही पेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, मांड्या, पाय आणि पाठीवरून, डर्मॅटोमनंच पातळ साल काढतात. रक्त वाहत नाही, चेहऱ्याला हात लागत नाही, देह विद्रूप होत नाही, आणि पट्टी बांधून तो घरच्यांकडे देतात. रक्तगट जुळावा लागत नाही. ही कातडी ग्लिसरॉलमध्ये, थंड ठेवून पाच वर्षांपर्यंत टिकते. १८ वर्षांवरच्या कुणाचीही चालते. मधुमेह, रक्तदाब असला तरी चालते. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, कातडीचा कर्करोग किंवा संसर्ग असेल तर घेत नाहीत.

"मंग आधीच वाढवून फ्रीजमधी का नाही ठेवत?" हा अक्कांचा पुढचा प्रश्न. पेशी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं ठेवता येतात. पण ठेवायच्या कुणाच्या? कोण भाजणार हे आधी माहीत नसतं, आणि दुसऱ्याच्या ठेवल्या तर पुन्हा मेडावर यांचाच अनुभव. दुसऱ्याच्या वाढवलेल्या पेशी काही काळ मलमपट्टीसारख्या कामी येतात, जखम भरायला मदत करणारी द्रव्यं सोडतात, पण त्या मुक्कामाला राहत नाहीत.

एका मुलाची अख्खी कातडी

बाटलीतल्या सगळ्या पेशी सारख्या दिसल्या तरी सारख्या नसतात. ग्रीन आणि यान बारांदों यांनी १९८७ साली दाखवलं की काही मोजक्याच पेशींपासून मोठ्या, गोल, नितळ कडांच्या वसाहती होतात आणि त्या कितीतरी पिढ्या वाढत राहतात. त्यांना त्यांनी होलोक्लोन म्हटलं. बाकीच्या पेशी थोडं वाढून थांबतात. कातडी आयुष्यभर टिकवणारं खरं बियाणं होलोक्लोनमध्ये असतं. विरजण लावताना ते बियाणं वाचलं नाही, तर पापुद्रा लावताना छान दिसतो आणि काही काळानं विरून जातो.

याचा सर्वांत ठोस पुरावा मिळाला तो एका वेगळ्याच आजारात. काही मुलं जन्मतःच अशा जनुकदोषासह येतात की त्यांच्या पापुद्र्याला खालच्या थराशी बांधणारं प्रथिनच तयार होत नाही. साधा स्पर्श झाला तरी कातडी सोलवटते. सीरियातून जर्मनीत गेलेल्या कुटुंबातल्या सात वर्षांच्या एका मुलाची बहुतेक कातडी अशीच गेली होती. २०१५ साली बोखुमच्या डॉक्टरांनी इटलीतल्या मिकेले दे लुका यांच्या गटाला गाठलं. त्यांनी मुलाच्या उरलेल्या कातडीतल्या पेशी घेतल्या, त्यांत त्या जनुकाची चांगली प्रत घातली, पापुद्रे वाढवले आणि सुमारे ८० टक्के अंगावर ते बसवले. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा तो मुलगा शाळेत जात होता. त्याचा नवा पापुद्रा शेवटी थोड्याशा होलोक्लोन पेशींवरच तगून आहे, हे जनुकातल्या खुणांवरून मोजता आलं.

बाटलीतल्या कातडीचे आणखी उपयोग आहेत. पापुद्रा वाढवताना त्याला खालून खाऊ आणि वरून हवा दिली, तर वरचा मेलेला टणक थरही तयार होतो. अशा चकत्यांवर क्रीम, साबण, रसायनं जळजळ करतात का हे तपासतात. भारतानं २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी बंद केली, त्यामागे अशा पर्यायांचा आधार होता. ऑस्ट्रेलियात फिओना वूड यांनी पेशी पापुद्रा होईपर्यंत न थांबता फवारायची पद्धत आणली. आणि पांढरे डाग, ज्यांना आपल्याकडे अजून कोड म्हणून वाळीत टाकतात, त्यावरही कातडीच्या छोट्या तुकड्यातल्या रंगपेशी सुट्या करून लावायचा उपचार भारतातले त्वचारोगतज्ज्ञ करतात. हा रोग संसर्गजन्य नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

घाम

पन्नास वर्षं झाली, तरी एक गोष्ट रुग्णांना द्यायच्या बाटलीतल्या कातडीला जमलेली नाही. तिला घामाच्या ग्रंथी नसतात. केसही नसतात. मांडीच्या पातळ सालाचंही तसंच, कारण ग्रंथी त्याच्या खाली, मांडीतच राहतात. बोस्टनमध्ये माणूस यावर निभावून नेतो. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून जातो तेव्हा घाम हाच आपला पंखा असतो. ज्याचं निम्मं अंग नव्या कातडीनं झाकलं आहे, त्याला उन्हात तापलेलं अंग थंड करता येत नाही. तो दमतो, चक्कर येते, ताप चढतो. प्रयोगशाळांमध्ये मूलपेशींपासून केसांची मुळं असलेली कातडी वाढवायचे प्रयत्न चालू आहेत, ग्रंथींवरही काम चालू आहे. ते वॉर्डात येईपर्यंत सावली, पाणी आणि ओलं फडकं हाच इलाज.

अक्कांच्या भाच्याचा एक पायच आहे, त्यामुळे बाकीचं अंग सांभाळून घेईल. तरी नव्या कातडीवर ऊन पडलं तर ती काळपट होते आणि रंगाईच्या वाफेत ती तडकेल, हे मी त्यांना सांगितलं. मांडीवरचा चौकोन पंधराव्या दिवशी कोरडा झाला होता, आता नुसता गुलाबी दिसतो. नडगीवर तो दिवसभर घट्ट इलॅस्टिकचा पट्टा घालतो आणि रात्री खोबरेल तेल चोळतो. अक्कांनी मालकाला जाऊन सांगितलं आहे की उन्हाळा संपेपर्यंत पोरगं हौदाजवळ उभं राहणार नाही. सध्या तो आतल्या खोलीत, पंख्याखाली बसून, टॉवेल मोजून घड्या घालतो.